चुंबकाचे वजन, आवाजाचे वजन

१/
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटा स्पीकर विकत घ्यायला आलेले गिऱ्हाईक एक गोष्ट हमखास करते. स्पीकर उलटा करते, पाठीवरचे काळे, जाड, गोल चुंबक निरखते आणि तो तळहातावर तोलून पाहते. जड लागला की चेहऱ्यावर समाधान. ‘मॅग्नेट भारी’ म्हणजे ‘आवाज भारी’ हे समीकरण इतके रुजले आहे की दुकानदारही आधी चुंबकाचीच तारीफ करतो. या समीकरणात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे उलगडायला शंभराहून थोडी कमी वर्षे लागली. त्यात एक राष्ट्राध्यक्ष येतो, एक बंड येते आणि तीन जपानी धातुशास्त्रज्ञ येतात. हा धागा त्या अर्ध्या सत्याचा.

२/
प्रथम यंत्र समजून घ्यावे. स्पीकरच्या पाठीशी चुंबक असते. त्याच्या दोन ध्रुवांमध्ये, लोखंडी तबकडी आणि मधला खांब यांच्या दरम्यान, बांगडीच्या आकाराची अरुंद फट असते. रुंदी जेमतेम एक-दोन मिलिमीटर. त्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे तरंगत असते, आणि त्या वेटोळ्याला कागदाचा शंकू चिकटवलेला असतो. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते पुढे ढकलले जाते; प्रवाहाची दिशा उलटली की मागे खेचले जाते. शंकू हवेला ढकलतो, आणि त्या ढकलण्यालाच कान आवाज म्हणतात.

३/
ढकलण्याचा हिशोब सरळ आहे. फटीतले चुंबकीय क्षेत्र, त्या क्षेत्रात बसलेल्या तारेची लांबी आणि तारेतला प्रवाह, या तिघांचा गुणाकार म्हणजे वेटोळ्यावरचे बल. पहिल्या दोहोंच्या गुणाकाराला अभियंते ‘बी-एल’ म्हणतात. स्पीकरचे चुंबक ‘ताकदवान’ आहे असे म्हणताना खरे तर हाच आकडा अभिप्रेत असतो. येथे एक बारकावा आहे. मोजायचे असते ते फटीतले क्षेत्र. चुंबकाचा आकार, वजन किंवा ते खिळे किती जोरात ओढते, याला या हिशोबात थेट जागा नाही.

४/
विद्युतप्रवाह आणि चुंबक यांचे नाते १८२० मध्ये कोपनहेगनच्या हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांनी उघड केले: तारेतून प्रवाह सोडताच शेजारची होकायंत्राची सुई हलली. अर्धशतकानंतर, १८७४ मध्ये, जर्मन उद्योजक वेर्नर सीमेन्स यांनी चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याचे अमेरिकी पेटंट घेतले. आजच्या बहुतेक स्पीकरांचा गाभा त्यात आहे. पण त्या वेळी त्यातून बोलणे ऐकवावे असा काही मार्ग नव्हता. बेल यांचा टेलिफोन यायला दोन वर्षे होती आणि क्षीण विद्युतसंकेत मोठा करणारी व्हॅक्यूम ट्यूब यायला तीस-बत्तीस. कल्पना कागदावर पडून राहिली.

५/
तिला आवाज दिला पीटर जेन्सन या डॅनिश तरुणाने. १८८६ मध्ये डेन्मार्कच्या फाल्स्टर बेटावर जन्मलेला हा तंत्रज्ञ १९०९ मध्ये अमेरिकेत आला. कॅलिफोर्नियातील नापा या लहानशा गावी एडविन प्रिडहॅम यांच्यासह तो एक नवा टेलिफोन श्रवणी बनवू पाहत होता. टेलिफोनवाल्यांनी तो घेतला नाही. मग दोघांनी हलत्या वेटोळ्याच्या त्या यंत्राला ग्रामोफोनचा कर्णा जोडला. कानाला लावायचे यंत्र मैलभर ऐकू जाऊ लागले. त्याला त्यांनी लॅटिन शब्दांवरून नाव दिले ‘मॅग्नाव्हॉक्स’, अर्थात महास्वर.

६/
या महास्वराचे रहस्य चुंबकात होते, आणि ते चुंबक नेहमीचे नव्हते. त्या काळचे पोलादी स्थायी चुंबक फार दुबळे. नालाच्या आकाराचा मोठा पोलादी तुकडा वापरला तरी फटीत पुरेसे क्षेत्र उभे राहत नसे, आणि जे उभे राही तेही काळाबरोबर ओसरे. म्हणून जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी लोखंडाभोवती तारेची जाड गुंडाळी करून तीत ६ व्होल्टच्या बॅटरीतून सतत प्रवाह सोडला. म्हणजे स्पीकरमध्ये दोन वेटोळी झाली: एक बोलणारे आणि दुसरे नुसते चुंबकत्व निर्माण करणारे. दुसऱ्याला ‘फील्ड कॉइल’ म्हणत.

७/
२४ डिसेंबर १९१५ रोजी, नाताळच्या पूर्वसंध्येला, सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर जमलेल्या प्रचंड जमावाने या यंत्रातून भाषण आणि संगीत ऐकले. पण इतिहासात ठसा उमटला तो चार वर्षांनी. १९ सप्टेंबर १९१९. स्थळ सॅन डिएगोचे स्टेडियम. सुमारे ५०,००० श्रोते. वक्ते राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन. महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाला अमेरिकी जनतेचा पाठिंबा मिळवण्यासाठी ते ३ सप्टेंबरपासून आगगाडीने देशभर फिरत होते. प्रकृती ढासळलेली, घसा बसलेला.

८/
काचेच्या एका कक्षात उभे राहून विल्सन बोलले. त्यांच्यापुढे वर टांगलेले कर्णे शब्द उचलत होते आणि पन्नास हजारांपर्यंत पोहोचवत होते. त्याआधी मोठ्या सभेत वक्त्याचा घसा हीच सभेची सीमा असे. मागच्या रांगांना पुढच्यांनी काय ऐकले ते सांगोवांगी कळे. त्या दुपारी ती सीमा प्रथमच एवढ्या ठळकपणे पुसली गेली. सहा दिवसांनी प्युएब्लो येथील भाषणानंतर विल्सन कोसळले; २ ऑक्टोबरला पक्षाघाताचा तीव्र झटका आला. राष्ट्रसंघाचा करार अमेरिकी सिनेटने १९१९ मध्ये आणि पुन्हा १९२० मध्ये फेटाळला.

९/
आवाज पोहोचला, पण मत पोहोचले नाही. तरीही सभा या प्रकाराचे गणित कायमचे बदलले होते. भारतात हे गणित उलगडण्यात मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ या मोटवाने कुटुंबाच्या कंपनीचा वाटा मोठा. नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि सभांना ध्वनिक्षेपण यंत्रणा पुरवली. गांधीजी, नेहरू यांच्या सभांची जुनी छायाचित्रे न्याहाळल्यास मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरे अनेकदा दिसतात. छायाचित्रात मायक्रोफोन येतो, वक्ता येतो. खांबावर टांगलेल्या कर्ण्यातले चुंबक मात्र कधीच येत नाही.

१०/
जेन्सनचे यंत्र कर्ण्याशिवाय अपुरे होते, आणि कर्णा आवाजाला स्वतःचा नाकातला सूर देई. तो टाळला जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी. १९२५ मध्ये त्यांनी कर्णाविरहित ध्वनिक्षेपकाविषयीचा शोधनिबंध मांडला. लहान कागदी शंकू, सैल कड, त्यामुळे अगदी खालच्या सुरावर असलेला स्वाभाविक कंप, आणि मागच्या हवेला पुढच्या हवेपासून तोडणारी फळी. १९२६ मध्ये हेच तत्त्व ‘रेडिओला १०४’ या नावाने बाजारात आले. आजचा घरगुती स्पीकर हा त्याच घराण्यातला.

११/
मात्र चुंबक अजूनही विजेवरच चालत होते. १९३०च्या दशकातील दिव्यांच्या रेडिओत फील्ड कॉइलला एक जोडकाम दिलेले असे: रेडिओच्या वीजपुरवठ्यातील चढउतार गाळण्याचे. युक्ती चतुर होती, पण तिची किंमत म्हणजे स्पीकरमधून येणारी मंद घरघर. ती दाबण्यासाठी आणखी एक उलटे वेटोळे घालावे लागे. पडद्यामागून बोलणाऱ्या चित्रपटांनाही असेच वीज खाणारे मोठे ध्वनिक्षेपक लागले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला, ते वर्ष याच युगातले.

१२/
ज्या घरात वीज नाही, जिथे रेडिओ बॅटरीवर चालायचा, तिथे केवळ चुंबक जागे ठेवण्यासाठी वीज जाळणे ही उधळपट्टीच होती. गरज होती ती एकदा चुंबकीय केले की वर्षानुवर्षे तसेच राहील अशा धातूची. त्याचा शोध जपानमध्ये आधीच सुरू झाला होता. १९१७ मध्ये सेंडाई येथील तोहोकू विद्यापीठात कोतारो होंडा यांनी कोबाल्ट, टंगस्टन आणि क्रोमियम असलेले एक पोलाद घडवले. संशोधनाला पैसा देणारे किचिझाएमोन सुमितोमो यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘केएस पोलाद’ म्हटले गेले. सुमितोमो हे नाव लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

१३/
पुढची उडी १९३१ मध्ये. टोकियोचे तोकुशिची मिशिमा निकेलयुक्त पोलादाचा अभ्यास करत होते. त्या निचुंबकी पोलादात ॲल्युमिनियम मिसळल्यावर ते चुंबकीय झाले, आणि नुसते झाले असे नव्हे, तर हट्टाने तसेच राहिले. यातूनच ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या ‘ॲल्निको’ मिश्रधातूंची वंशावळ सुरू झाली. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणखी एक गोष्ट कळली: हा धातू तप्त अवस्थेतून थंड होत असताना त्याला चुंबकीय क्षेत्रात ठेवले, तर त्या दिशेने त्याची ताकद फारच वाढते.

१४/
चुंबकाची साठवणक्षमता मोजण्याचे एक माप आहे: दर घनमीटरमागे किती किलोज्यूल. साध्या कार्बन पोलादाला जेमतेम दीड-दोन. होंडांच्या पोलादाला सुमारे ८. क्षेत्रात थंड केलेल्या ॲल्निकोला सुमारे ४०. दुसऱ्या महायुद्धानंतर फील्ड कॉइल झपाट्याने मागे पडली. स्पीकरच्या पाठीवरून दोन तारा कमी झाल्या, घरघर गेली, आणि हलक्या, विजेशिवाय चालणाऱ्या रेडिओचा मार्ग मोकळा झाला. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर पुढे घरोघरी गेला, त्यातही असाच एक चिमुकला स्थायी चुंबक होता.

१५/
आणि इथेच लॅमिंग्टन रोडवरचा प्रश्न जन्माला आला. ताकदवान चुंबक आता सहज उपलब्ध. मग ते आणखी ताकदवान केले तर स्पीकर आणखी चांगला होईल का? पहिले उत्तर होकारार्थी आहे. बी-एल दुप्पट केले, बाकी काही बदलले नाही, तर मधल्या सुरांत तेवढ्याच विद्युतदाबाला ६ डेसिबल अधिक आवाज मिळतो. हे थोडेथोडके नव्हे. घरगुती स्पीकर आपल्याला मिळालेल्या विजेपैकी जेमतेम एखादा टक्का ध्वनीत रूपांतरित करतो. बाकीची वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. बी-एल दुप्पट झाल्यावर ही कार्यक्षमता चौपट होते.

१६/
दुसरे उत्तर मात्र चकवणारे आहे. शंकू आणि त्याला धरून ठेवणारी लवचीक कड यांची मिळून एक स्वाभाविक लय असते, झोपाळ्यासारखी. या लयीपाशीच स्पीकरचा खर्ज संपत येतो. चुंबक दुप्पट ताकदीचे केले की या खालच्या टोकाला आवाज वाढत नाही. उलट जवळपास ६ डेसिबलने घटतो. मधले सूर तेवढेच वर, खर्ज तेवढाच खाली. दोहोंमधली दरी १२ डेसिबल रुंदावते. ‘भारी मॅग्नेट’ घेतलेल्या माणसाला नुसता पेटीत ठोकलेला स्पीकर पातळ, चिरका वाटतो, त्याचे कारण बहुधा हेच.

१७/
असे का व्हावे? कारण चुंबक केवळ ढकलत नाही. क्षेत्रात हलणारे वेटोळे स्वतःच एक छोटे जनित्र बनते. ते जितक्या वेगाने हलते, तितकी उलट्या दिशेची वीज त्यात निर्माण होते आणि ती त्याच हालचालीला विरोध करते. हाइनरिख लेंझ यांनी १८३४ मध्ये मांडलेला नियम तो हाच. स्वाभाविक लयीपाशी शंकू मोकाट हलू पाहतो, म्हणून विरोधही तिथेच सर्वाधिक. क्षेत्र दुप्पट केले की हा लगाम चौपट घट्ट होतो. एकच चुंबक घोड्याला टाचही मारते आणि त्याचा लगामही खेचते.

१८/
हे घरी पडताळता येते. एखादा जुना, मोठासा, कशालाही न जोडलेला स्पीकर घ्यावा. शंकूवर बोटाने हलकी टिचकी मारावी: ‘ढुम्’ असा घुमणारा आवाज येतो. आता मागची दोन टोके एका तारेने एकमेकांना जोडावीत आणि पुन्हा टिचकी मारावी. आवाज आखडतो, ‘ठप्’ होतो. मध्ये काहीच बदलले नाही. फक्त वेटोळ्यातल्या विजेला वाहायला वाट मिळाली आणि लगाम लागला. चुंबक जितके ताकदवान, तितका या दोन आवाजांतला फरक ठळक. कोणत्याही आकड्याशिवाय चुंबकाची पारख करण्याची ही जुनी रीत आहे.

१९/
उलट बाजूही पाहावी. चुंबक फार दुबळे असेल तर लगामच उरत नाही. ढोलाचा एक ठोका वाजून संपतो, पण शंकू आणखी दोन-चार झोके घेत राहतो. खर्ज फुगतो, एकाच सुरावर घोंघावतो. तबल्याचा बायाँ आणि गिटारचा जाड तार यांतला भेद पुसला जातो. स्वस्त पेट्यांतून येणारा तो ‘घुमघुम’ खर्ज अनेकांना भरदार वाटतो. वस्तुतः तो संगीतात नसलेला आवाज असतो, स्पीकरने स्वतःच्या पदरचा घातलेला. दुबळ्या चुंबकाने जास्त खर्ज दिल्याचा भास होतो, तो असा.

२०/
मग योग्य ताकद कोणती? कित्येक वर्षे हे काम अंदाजाने आणि कानाने चाले. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियन अभियंता नेव्हिल थील यांनी दाखवले की स्पीकर, त्याची पेटी आणि पेटीचे छिद्र यांचा एकत्रित विचार विद्युतगाळणीच्या गणिताने करता येतो. निबंध ऑस्ट्रेलियातच प्रसिद्ध झाला आणि जवळपास दशकभर दुर्लक्षित राहिला. १९७१ मध्ये अमेरिकेत पुनर्मुद्रित झाल्यावर जगाचे लक्ष गेले. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी हे काम विस्तारले. आज प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या कागदावर ‘थील-स्मॉल’ आकडे छापलेले असतात.

२१/
या गणिताचा निकाल असा: चुंबकाची ‘चांगली’ ताकद अशी स्वतंत्र गोष्टच नाही. लहान बंद पेटीला एक ताकद शोभते, छिद्राच्या पेटीला दुसरी, कर्ण्याला तिसरी. कर्ण्याला घट्ट लगाम हवा असतो, कारण कर्णा हवेचा भार वाढवून खर्जाची भरपाई स्वतः करतो. मागून उघड्या पेटीला तुलनेने सैल लगाम चालतो. शिवाय लोखंडालाही मर्यादा आहे. सुमारे २ टेस्लानंतर ते आणखी चुंबकत्व वाहून नेण्यास नकार देते. त्यापुढे पाठीवर कितीही किलो चढवले, तरी फटीत फारसे काही पोहोचत नाही.

२२/
दरम्यान चुंबकाची जात बदलत होती. १९५२ मध्ये फिलिप्सच्या आइंडहोव्हेन प्रयोगशाळेने बेरियम आणि लोह यांच्या ऑक्साइडचे, भाजलेल्या मातीसारखे काळे, ठिसूळ चुंबक जाहीर केले. हेच फेराइट. ताकद ॲल्निकोहून कमी, सुमारे २५ ते ३०. पण अत्यंत स्वस्त, आणि चुंबकत्व टिकवून धरण्याची चिकाटी अधिक. ॲल्निकोला लांब खांबासारखे बनवावे लागे, तर फेराइटची रुंद, चपटी चकती पुरे. लॅमिंग्टन रोडवर तळहातावर तोलली जाते ती हीच चकती. ती जड असते, कारण ती दुबळी असते. वजन हे तिच्या बळाचे नव्हे, उणिवेचे माप आहे.

२३/
तरीही नामांकित कंपन्या ॲल्निको सोडायला तयार नव्हत्या. सोडावे लागले ते एका युद्धामुळे. मे १९७८ मध्ये झाईरच्या शाबा प्रांतात, म्हणजे पूर्वीच्या कटांगात, बंडखोरांनी कोल्वेझी हे खाणींचे शहर ताब्यात घेतले. शेकडो माणसे मारली गेली. फ्रेंच सैनिक विमानातून उतरवले गेले. जगाला लागणाऱ्या कोबाल्टचा फार मोठा हिस्सा याच प्रांतातून येई. कोबाल्टचे भाव कित्येक पटींनी भडकले. दोन-तीन वर्षांत जगातले बहुतेक स्पीकर-उत्पादक फेराइटवर आले. आजही गिटारवादक जुन्या ॲल्निको स्पीकरांसाठी हळहळतात. त्या हळहळीच्या मुळाशी कोल्वेझी आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

२४/
फेराइटकडे वळणे सोपे नव्हते. वेटोळ्यातला प्रवाह स्वतःचेही चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि फटीतले क्षेत्र डळमळीत करतो. ॲल्निको हा विद्युतवाहक धातू असल्याने तो हे डळमळणे काहीसे शमवत असे. फेराइट वीज वाहत नाही. त्यामुळे आवाजात नवी विकृती येऊ लागली. अमेरिकेतील जेबीएल कंपनीने मधल्या खांबाच्या तळाशी ॲल्युमिनियमचे कडे बसवले आणि फटीतल्या लोखंडाचा आकार असा बदलला की क्षेत्र दोन्ही बाजूंना सारखे राहील. म्हणजे चुंबकाचे बळ पुरेसे नव्हते. बळाचे स्थैर्यही तितकेच मोलाचे होते.

२५/
त्याच १९७८ साली जपानमध्ये फुजित्सूचे तरुण संशोधक मासातो सागावा एका परिषदेत बसले होते. तेव्हाचे सर्वांत बलवान चुंबक समेरियम आणि कोबाल्टचे, आणि दोन्ही महाग. १९७९च्या पहिल्या वॉकमनसोबतचे हलके हेडफोन त्याच चुंबकावर चालले. कोबाल्टऐवजी स्वस्त लोखंड का वापरता येत नाही, हे वक्ता समजावत होता: लोखंडाचे अणू एकमेकांच्या फार जवळ असतात. सागावांना सुचले की बोरॉनसारखा लहान अणू मध्ये सरकवला तर? कंपनीत उत्साह दिसेना, तेव्हा ते सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये गेले. तेच सुमितोमो.

२६/
१९८३ मध्ये सागावांनी निओडिमियम, लोह आणि बोरॉनचे चुंबक जाहीर केले. त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट स्वतंत्रपणे, वेगळ्या पद्धतीने तिथेच पोहोचले होते. पहिल्याच चुंबकाचा आकडा २९० च्या आसपास. फेराइटच्या जवळपास दहापट! आज चारशेच्याही पुढे. मुठीएवढ्या फेराइटचे काम आता बोटाच्या पेराएवढे चुंबक करू लागले. मोबाइलमधला नखाएवढा स्पीकर, कानात बसणारी बोंडे, मंचावर उंच टांगलेल्या ध्वनिक्षेपकांच्या हलक्या माळा, हे सारे त्यातून आले. वजन आणि ताकद यांची गाठ कायमची सुटली.

२७/
पण मोल इथेही चुकले नाही. हे चुंबक उष्णतेला भिते. ॲल्निको ८०० अंश सेल्सिअसच्याही वर चुंबकत्व सांभाळतो; निओडिमियमचे चुंबक सुमारे ३१० अंशांना ते पूर्णपणे गमावते आणि त्याच्या बरेच आधीपासून कमकुवत होऊ लागते. भर मिरवणुकीत तासन्‌तास तापलेल्या वेटोळ्याशेजारी ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. दुसरे मोल भूगोलाचे. या दुर्मिळ मृदा धातूंचा प्रमुख स्रोत चीनच्या अंतर्मंगोलियातील बायान ओबो ही खाण आणि त्यामागे पावटोऊ शहराबाहेर साचलेला विषारी गाळाचा तलाव. २०१०-११ मध्ये चीनने निर्यात आवळताच भाव उसळले, आणि काही उत्पादक पुन्हा जड फेराइटकडे वळले.

२८/
पुन्हा लॅमिंग्टन रोड. तळहातावर स्पीकर तोलणारे ते गिऱ्हाईक चुकते, पण त्याचा हात एका खऱ्या गोष्टीवर असतो. सेंडाईची भट्टी, कोल्वेझीची खाण, सिडनीचा दुर्लक्षित निबंध आणि पावटोऊचा तलाव, हे सारे त्या चकतीत किंवा तिच्या अनुपस्थितीत दडलेले आहे. त्याने दुकानदाराला वजन विचारू नये. बी-एल किती, लयीपाशी लगाम किती आणि पेटी कोणती, हे विचारावे. आणि कागद मिळत नसेल, तर दोन टोके तारेने जोडून शंकूवर एक टिचकी मारून पाहावी.

२९/
सॅन डिएगोच्या त्या दुपारी बॅटरीवर जागवलेल्या चुंबकाने एका थकलेल्या माणसाचे शब्द पन्नास हजारांपर्यंत नेले. चुंबकाचे काम तिथे संपले. शब्द पटले की नाही, हे चुंबकाच्या हाती नव्हते. त्यानंतरच्या शतकात आवाज मोठा करण्याचे सामर्थ्य अनेक पटींनी वाढले. त्या सामर्थ्याबरोबर लगामही वाढतो, हे मात्र निसर्गाने चुंबकातच लिहून ठेवले आहे. माणसांच्या सभांना आणि मिरवणुकांना तो स्वतःच घालून घ्यावा लागतो.

(धागा समाप्त)